खालच्यांची परवानगी

सई, परवा फोनवर तू चिडली होतीस. आकाश निळंभोर होतं, वारा पडलेला होता, तुझं ते छोटं विमान शेडबाहेर काढून ठेवलेलं होतं आणि तरीही तुझ्या शिकवणाऱ्याने ऐन वेळी नाही म्हटलं. कारणही सांगितलं नाही. "आजी, याला काय अर्थ आहे?" असं तू विचारलंस, आणि मागून निखिल हसत होता. मी तेव्हा विषय बदलला. मला रामटेके सर आठवले होते, आणि त्यांची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहायला बसले आहे. वाचताना अडलं तर आईला विचारा.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. नागपूरच्या कॉन्व्हेंटने माझ्याकडून ते घोटून घेतलं आहे. पण सरांबद्दल मी आयुष्यात जे काही लिहिलं ते सगळं इंग्रजीतच होतं, आणि ते सगळे अर्ज होते. त्या अर्जांत सर कुठेच नाहीत. तिथे फक्त 'अर्जदार' आहे. सर मागच्या थंडीत गेले. त्यांना ओळखणारे आता सिंदेवाहीत फारसे उरले नाहीत, आणि मीही दमले आहे. उद्यावर टाकलं तर राहून जाईल.

तुमचे आजोबा भातसंशोधन केंद्रात होते आणि मी तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रभाकर रामटेके त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवत. उंच, काळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. मे महिन्यातही बाह्या दुमडलेल्या मी पाहिल्या नाहीत. एनसीसीच्या हवाई शाखेतून ते उडायला शिकले होते, आणि तिकडे पुण्याच्या बाजूला बंद पडत असलेल्या एका क्लबकडून त्यांनी एक मायक्रोलाइट मिळवलं होतं. विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल माहीत नाही. हे म्हणजे तीन चाकांची सांगाडेवजा गाडी, पाठीमागे इंजिन आणि मोठा पंखा, आणि डोक्यावर निळ्या-पिवळ्या कापडाचा त्रिकोणी पंख. पुढे एक माणूस, मागे एक. बस.

सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला टेकून एका बंद पडलेल्या कंपनीची मुरमाची धावपट्टी होती. तिच्या कडेला एक पत्र्याची शेड. तिथे सरांनी क्लब काढला. क्लब म्हणजे सर, राइस मिलवाला अविनाश, कॉलेजातली पाच-सहा मुलं-मुली, आणि पत्रं लिहायला मी. मी एकदाही उडले नाही. मला खाली उभं राहून पाहणं पुरत असे.

आता तुम्हाला वाटेल, विमान आहे, पट्टी आहे, उडायचं. तसं नसतं. दिल्लीच्या विमान खात्याचा परवाना लागतो, तो मशीनचा वेगळा आणि माणसाचा वेगळा. गृहखात्याची हरकत नसावी लागते. जिल्हाधिकारी, पोलीस, वनखातं. त्यात आमच्या पूर्वेला वैनगंगा, आणि नदीपलीकडे गडचिरोली. तिकडे कुठलंही हौशी विमान जाता कामा नये, म्हणून नदी दिसली की वळायचं. सरांचं जन्मगाव नदीच्या पलीकडच्या काठाला होतं. वरून देवळाचा कळस आणि शाळेचं छप्पर दिसतं, असं ते सांगत. ते कधी नदी ओलांडून गेले नाहीत.

प्रत्येक परवान्याला मुदत. एकाचं नूतनीकरण होईतो दुसऱ्याची संपायची. सागरकिनाऱ्यापासूनचं अंतर कळवा, असं एका कार्यालयाने विचारलं. मी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी नकाशा पसरला, पट्टी घेऊन मोजलं आणि मला आकडा सांगितला.

"सर, इथून समुद्र कुठे!" मी म्हटलं.

"बाई, विचारलं आहे तर सांगायचं. त्यांनी निदान विचारलं तरी."

'विचारलं तरी' हे त्यांचं पालुपद होतं. मुलाने वर्गात मूर्ख प्रश्न विचारला तरी ते हेच म्हणत.

नियमांचा त्यांना कंटाळा नव्हता. मला होता. अविनाशला तर फारच होता. एकदा वरोऱ्याचे एक कापूसवाले शेठ लग्नाची बोलणी घेऊन आले. नवरदेवावर वरून गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या. अविनाशचे डोळे चमकले.

"उडत्या विमानातून वस्तू टाकता येत नाही," सर म्हणाले.

"वस्तू नाई हो सर, पाकळ्या! फूल आहे ते, दगड थोडीच आहे?"

"खाली पडतात ना?"

"पडतीन नाई तं काय वर जातीन?"

"मग वस्तूच झाली. घोडा आणा शेठजी. घोड्याला परवाना लागत नाही, आणि नवरदेव दिसतोही चांगला."

शेठ चहा न घेता गेले. अविनाश दोन दिवस धुसफुसत होता.

पण ज्या नियमासाठी मी हे लिहिते आहे तो कुठल्याच कागदावर नव्हता. तो सरांनी स्वतः केला, आणि त्याला कारण घडलं ते असं.

धावपट्टीच्या पलीकडे कोसमटोला. गोंडांची थोडी घरं, थोडं धान, बाकी जंगलावर. मोहाचे दिवस होते. बाया पहाटेच टोपल्या घेऊन झाडांखाली फुलं वेचायला गेल्या होत्या. सर सकाळी उडाले, ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या दिशेने. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. पण झाडांच्या शेंड्यांवरून ते यंत्र अचानक घरघरत आलं आणि बायांना वाटलं, पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं. ज्यांचे सोयरे नदीपलीकडे आहेत त्यांना त्या आवाजाचा काय अर्थ वाटतो, ते मी तुम्हाला सांगत बसत नाही. टोपल्या टाकून सगळ्या पळाल्या. जनाबाई मडावी नाल्यात पडली आणि तिचं मनगट मोडलं.

कोणी तक्रार केली नाही. ती होणारही नव्हती. सरांना तीन-चार दिवसांनी बाजारात कळलं. ते तिथूनच टोल्यावर गेले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. परत आले तेव्हा मी शेडमध्ये पत्रं लावत होते. ते स्टुलावर बसले.

"बाई, आपण किती जणांची परवानगी घेतो?"

मी यादी सांगू लागले. त्यांनी हात वर केला.

"सगळे वरचे. ज्यांच्या डोक्यावरून जातो त्यांना कधी विचारलं?"

मग हळू आवाजात त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गावचे कोतवाल होते. दवंडी द्या, सांगावा पोचवा, साहेबाचं सामान उचला, मेलेलं ढोर ओढा. "गावाने त्यांना हुकूम केले," सर म्हणाले. "जन्मभर. विचारलं कोणी नाही." वडिलांबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

तेव्हापासून उडायच्या आदल्या संध्याकाळी ते लूना घेऊन टोल्यावर जात. पहिल्या घराशी इंजिन बंद करत आणि गाडी हाताने ढकलत आत नेत. समोर येईल त्याला सांगत, उद्या सकाळी उडतो आहे, चालेल का? टोल्यातला कोणीही नाही म्हणू शकत होता. एकाने नाही म्हटलं की उड्डाण रद्द. आणि कारण विचारायचं नाही. अविनाशने पहिल्याच दिवशी डोक्याला हात लावला.

"सर, कारण तरी विचारा. उद्या कोनी गंमत म्हनून नाई म्हनन."

"म्हणू दे. कारण विचारलं की मग आपण ते चांगलं की वाईट ठरवायला बसतो. ते ठरवायचे आपण कोण?"

आणि लोक नाही म्हणत, बरं का. मयत असलं की, देवाचं असलं की, कधी नुसतं मनात आलं म्हणून. जनाबाईचं मनगट वाकडं जुळलं होतं, आणि त्या हाताची बोटं नाचवत नाही म्हणायला तिला फार आवडे. एकदा मीही सरांबरोबर गेले होते.

"नाई मास्तर. उद्या नाई."

"बरं," म्हणून सर वळले. ती मागून ओरडली, "अवो, काऊन म्हनून तं विचारा!"

"विचारत नसतो, बाई."

"असा कसा मानूस हाये हा!" ती मला म्हणाली. "मी सांगतो ना. माही कोंबडी बसली हाये अंड्यावर. तुमची फटफटी डोक्यावर आली का उठून पयते ते. मंग अंडे थंडे. तुमी उबवान का?"

सर त्या दिवशी मोठ्याने हसले. फार क्वचित हसत. पिल्लं निघेपर्यंत क्लब बंद राहिला. पिल्लं निघाल्यावर जनाबाईने नातवाकरवी निरोप पाठवला, आता उडा म्हणावं. अविनाशने कॉलेजच्या मुलांना सांगितलं, "दिल्लीच्या वरती एक हायकोर्ट आहे, त्याले पंख आहेत पन ते उडत नाई."

अशी वर्षं गेली. मुलं उडायला शिकली, दोघींना पुढे रीतसर परवाने मिळाले. मी पत्रं लिहीत राहिले. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे पाठविण्यात आला आहे' हे उत्तर इतक्यांदा आलं की पाकीट उघडायच्या आधीच मला आतलं वाक्य ऐकू येई. सरांच्या पत्नी वारल्या. ते निवृत्त झाले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं आता ते एक यंत्रच होतं. दर तपासणीला डॉक्टर त्यांचे डोळे जरा जास्त वेळ पाहू लागले होते. परवाना चालू असेपर्यंत सगळं चालू होतं. एकदा खंडला तर पहिल्या अर्जापासून सुरुवात, आणि तेवढी वर्षं त्यांच्याजवळ नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही, अविनाशलाही.

अशात नूतनीकरणाची वेळ आली. बऱ्याच पत्रांनंतर कळलं की एक तपासणी अधिकारी येतील आणि उड्डाण प्रत्यक्ष पाहतील. ती तारीख हुकली तर मुदत संपणार होती. त्याआधी धावपट्टीला जनावरांपासून कुंपण असलं पाहिजे, हेही त्याच पत्रात होतं.

सर तेव्हा नागपूरला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते, आणि उडायला हरकत नाही असा डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत तिथेच राहिले. अविनाशने वेळ घालवला नाही. मिलवरची माणसं आणली, सिमेंटचे खांब रोवले, काटेरी तार ओढून घेतली. त्याने मनापासून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. उन्हात उभा राहून त्याने ते काम करवून घेतलं. सर आल्यावर त्यांना दाखवायची त्याला केवढी घाई होती!

सर आले, काळा चष्मा लावून पट्टीच्या कडेने चालत गेले, आणि मध्येच थांबले.

"अविनाश, ढोरांची वाट?"

टोल्याची गुरं रोज पट्टी ओलांडून बोडीवर पाण्याला जात. आम्ही उडायचो सकाळी, ती जायची दुपारनंतर, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. आता तारेमुळे गुरं वळणाऱ्या ढोरक्याला जंगलाच्या कडेने लांबचा फेरा पडला होता, आणि त्या कडेला वाघ होता. तिथे वाघ असतोच.

"दोन-चार दिवसांची गोष्ट आहे सर," अविनाश म्हणाला. "साहेब गेला का फाटक ठोकून देतो."

"टोल्यात कोणाला विचारलं?"



तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सर टोल्यावर निघाले तेव्हा अविनाश आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. सर नेहमीसारखी गाडी ढकलत आत गेले. जनाबाईने खाट टाकली. घराघरांतून होकार आला. सगळ्यांना माहीत होतं, उद्या मोठा साहेब येतो आहे. शेवटी सुखदेव आला. हाच ढोरकी. काठी भिंतीला टेकवून तो दूर उभा राहिला.

"सुखदेव, उद्या सकाळी उडतो. चालते का?"

"नाई."

अविनाश पुढे झाला. "अरे सुखदेवभाऊ, तारेचं आहे ना? उद्या दुपारी काढतो म्हनलं ना. माह्या हातानं काढतो. बस सकाळ जाऊ दे."

"तार लावली तवा मले कोनी विचारलं? आता उडाचं विचारून राह्यले. मी नाई म्हनतो."

"अरे पन साहेब परत येत नाई! क्लब बंद होते!"

"होऊ द्या."

जनाबाई उठली. "का रे सुक्या, लाज हाये का तुले? मास्तरनं टोल्याचं काय वाईट केलं? होय म्हन. म्हन होय!" आणि आमच्याकडे वळून, "याचं नोका आयकू मास्तर. हा असाच हाये, आडमुठा. मी म्हनतो ना, उडा तुमी!"

सुखदेव खाली पाहत होता. आणखी दोघं-तिघं त्याच्यावर ओरडू लागले. मला वाटलं, आता तो हो म्हणेल. म्हणालाही असता. सर उठले आणि त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"त्याले कोनी बोलू नका," ते म्हणाले. "त्यानं नाई म्हटलं. झालं."

परतीच्या वाटेवर अविनाश रडकुंडीला आला होता. "सर, एका ढोरक्याच्या रागापायी?"

"नाही म्हटल्यावर उडायचंच असेल तर इतकी वर्षं विचारायला गेलो कशाला?" सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी थकलेला होता. त्यात अभिमानाचा सूर असता तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी अधिकारी वेळेवर आले. सभ्य गृहस्थ होते, रात्रभराच्या प्रवासाने डोळे लाल झालेले. सर इस्त्रीचा शर्ट घालून शेडपाशी उभे होते. यंत्र पुसून बाहेर काढलेलं होतं.

"आज उड्डाण होणार नाही, साहेब."

"का? हवामान?"

"हवामान उत्तम आहे."

"इंजिनात काही?"

"काही नाही. आपण पाहून घ्या."

"तुमची तब्येत?"

"डॉक्टरांचा दाखला आहे."

"मग?"

"गाव नाही म्हणालं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि पहिल्यांदाच मला ती भाषा अपुरी पडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गावाची हरकत लेखी आहे का?" त्यांनी विचारलं. "लेखी असेल तर मला तारीख पुढे ढकलण्याची शिफारस करता येईल."

अविनाश टोल्याकडे पळणार होता. सरांनी त्याचं मनगट धरलं. "सुखदेवला साहेबापुढे आणून अंगठा उमटवायला लावू नकोस," ते म्हणाले. "उद्यापासून त्याचं नाव पोलिसांच्या तोंडी येईल." अधिकाऱ्यांनी चहा घेतला, कुंपण चांगलं झाल्याचं सांगितलं, आणि गेले.

त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर सरांनी शेडमधून पक्कड आणली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची तार कापली. कापलेले तुकडे त्यांनी गुंडाळून ठेवले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. दुपारी सुखदेव गुरं घेऊन आला, थबकला, आणि गुरांमागून पट्टी ओलांडून गेला.

मुदत संपली. मी पुन्हा अर्ज केले. ते योग्य त्या कार्यालयाकडे पाठवण्यात आले. अविनाश बरेच महिने सरांशी बोलला नाही, मग मिल विकून नागपूरला गेला. जाताना भेटून गेला, दोघं गळ्यात पडून रडले, असं मला सरांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं.

एकदा मी सरांना विचारलं, वाईट वाटतं का?

"वाटतं ना, बाई. सकाळी वारा पडलेला असला की फार वाटतं." मग म्हणाले, "सुखदेव दोन दिवसांनी हो म्हणाला असता. मला माहीत होतं. पण दोन दिवसांनी."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, त्याच टोल्यावर. धान कापून झालं होतं, पुंजणे रचलेले होते, आणि अवकाळी पावसाचं आभाळ भरून आलं होतं. सरांनी यंत्राचा पंख सांगाड्यावरून उतरवून जनाबाईच्या सुनेला दिला होता, धान झाकायला. ते स्वतः पुंजण्याच्या शिडीवर चढले होते, त्या वयात, आणि खालच्या बायांना दोऱ्या कुठे आवळायच्या ते सांगत होते. "खालून वारा घुसू देऊ नका. एकदा घुसला का उचलते." तेवढ्यात झुळूक आलीच. निळं-पिवळं कापड एका टोकाकडून फुगलं आणि वर उठलं. सरांनी दोन्ही हातांनी ते धरलं. क्षणभर ते दाबेचनात. हात ताणून, तोंड वाऱ्याकडे करून नुसते धरून उभे राहिले. मग खालून सुखदेव ओरडला, "सोडा मास्तर, मी दगड ठेवतो!" आणि त्याने दगड ठेवला.

त्या पावसात कोसमटोल्याचं धान भिजलं नाही. ते कापड अजून टोल्यावर आहे. रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला ठिगळ आहे. दरवर्षी कापणीनंतर ते बाहेर निघतं, आणि ज्याचं धान उघड्यावर असेल तो ते घेऊन जातो.